उपाशीपोटी

पहाटे पावणेसहाला धनकवडीच्या उतारावर
स्कूटीच्या पुढ्यात बर्फाची पेटी,
पेटीत नळ्या. जांभळ्या टोपीची, पिवळ्या टोपीची,
राखाडी म्हणजे साखर.
"रात्री नऊनंतर काही खाल्लं नाही ना?"
हाच माझा नमस्कार.

बारा वर्षं झाली
या शहराच्या कोपरांतल्या शिरा चाचपते आहे.
दार उघडतं ते बिनविंचरल्या केसांनी.
चहाआधीच्या माणसाला
खोटं बोलायची तयारी करायला वेळ मिळालेला नसतो.

हिंजवडीहून रात्रपाळी करून आलेला पोरगा
पलंगाच्या कडेवर बसून विचारतो,
"उपाशी म्हणजे नक्की कुठल्या जेवणापासून?"
त्याची रात्र सकाळी सातला सुरू होते.
फॉर्ममध्ये त्याला जागा नाही.
मी 'होय' वर खूण करते.

जुन्या बाजारामागे अन्वर तांबोळी.
आयुष्यभर वेल्डिंगच्या ठिणग्या अंगावर घेतल्या,
सुईला मात्र घाबरतो.
रुखसाना त्याची मान भिंतीकडे वळवते
आणि काल कोण कोण भांडलं ते सांगत राहते.
नळी भरते, त्याला कळतही नाही.

बिबवेवाडीच्या त्या सोसायटीतली लिफ्ट
मार्गशीर्षात बंद पडली, ती पडलीच.
तिसऱ्या मजल्यावरचे खासनीस
रोज चार वेळा जिना चढले,
दर पायरीला चेअरमनचा उद्धार करत.
साखर एकशे ऐंशीवरून एकशे अठरावर.
"मेथीदाणे," ते म्हणाले.
मी काय बोलणार.

त्याच जिन्याच्या वरच्या टोकाला, पाचव्यावर,
कुमुदिनी पाठक.
गुडघे दोन्ही गेलेले.
खाली बुचाच्या झाडापाशी बाक आहे,
बाकावर तिच्या चौघी.
"त्यांचा आवाज येतो गं वर," ती म्हणाली,
"शब्द येत नाहीत."

दर पंधरा दिवसांनी तिचा फोन.
थायरॉईड बघ. कॅल्शियम बघ. बी-बारा बघ.
सगळं जागच्या जागी.
चौथ्या वेळी मी म्हटलं, "काकू, या तपासणीची
खरंच गरज नाही. पैसे कशाला घालवता?"
तोवर तिने बाही वर सरकवली होती.
"तू शीर शोध. निवांत शोध."

तिची शीर मला दारातूनच दिसते,
निळी, सरळ, कर्वे रस्त्यासारखी.
मी शोधत राहिले.
मनगटाशी, कोपराशी, पुन्हा मनगटाशी.

माझंही सांगते.
नवी आलेली शीतल माझ्या हातावर शिकत होती,
म्हटलं, काढलंच आहेस तर लाव मशीनला.
हिमोग्लोबिन आठ पूर्णांक चार.
आकडा ठळक अक्षरांत, शेजारी बाण खाली.
डॉक्टर म्हणाले, आहार बघा, झोप नीट घ्या.
मी मान हलवली, माझे सगळे पेशंट हलवतात तशी.
अप्परला आमच्याकडे पाणी रात्री अडीचला येतं,
हे त्यांनी विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.

या पंधरवड्यात काकूंचा फोन आला नाही.
सोमवार गेला. मंगळवार.
बुधवारी, यादीत नाव नसताना, मी स्कूटी वळवली.
छातीत काहीतरी उगाच धडधडत होतं,
मोजलं असतं तर आकडा निघाला असता.

लिफ्ट चालू झाली होती.
खासनीस तिच्यातूनच बाहेर आले,
तीन मजले, आरामात. मेथीदाणे अजून चालू आहेत.
आणि बाकावर पाचजणी.
मधोमध ती, हातवारे करत
कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होती.
मला बघितल्यावर
तिने उजवा हात पदराखाली लपवला,
शाळेतल्या पोरीसारखा.

"आज नाही हं टोचायचं!"
मग सरकून जागा केली.
साडेनऊ वाजले होते.
कुणीतरी डबा उघडला, डिंकाचा लाडू पुढे आला.
"रात्रीपासून काही खाल्लंयस का तू?"

पेटीतला बर्फ वितळत होता,
लॅबमधून दोनदा फोन वाजून गेला.
मी दुसरा लाडू घेतला.